कपड्यांच्या तारेजवळची पेटी

पक्ष्यांना घरट्यासाठी लावलेल्या लाकडी पेटीच्या भोकातून गवताची एक काडी बाहेर लोंबत होती. जाड, पिवळी, टोकाशी मोडलेली. तिला चिकटून कोंबडीचं एक पांढरं पीस. निळ्या पक्ष्याची मादी असली काडी आणत नाही. ती बारीक वाळकं गवत आणते, त्याची वाटी वळते आणि भोकाबाहेर एक तंतूसुद्धा दिसू देत नाही. काल संध्याकाळी लिओटा कपडे काढायला आली, तेव्हा ही काडी नव्हती.

ओल्या चादरींची टोपली तिने गवतावर ठेवली. पेटीवर बोटाने दोनदा टकटक केलं. आत कोणी असेल तर त्याला उडून जायला वेळ मिळावा म्हणून तिचा नवरा हार्लन असंच करायचा. आतून कोणी उडालं नाही. तिने खिळा काढून पेटीची बाजू खाली पाडली.

वरचा थर चिमणीचा होता. काड्या, पिसं, कसल्याशा पिशवीचा तुकडा. तो तिने दोन बोटांनी उचलला. खाली निळ्या पक्ष्याची मादी अंड्यांवर बसलेली होती, पंख थोडे पसरून, जशी रोज बसायची तशीच. फक्त तिच्या डोक्यावर पिसं उरली नव्हती, चोचीने टोचून मारलं होतं तिला.

लिओटाने तिला उचलून एप्रनच्या खिशात ठेवलं. अंडी गार होती. त्यातलं एक तिने उन्हासमोर धरलं. कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात अख्खं आयुष्य तिने हेच काम केलं होतं, दिव्यासमोर अंडं धरायचं आणि आत जीव आहे की नाही ते सांगायचं. आत तांबड्या शिरांचं बारीक जाळं होतं. जीव धरला होता.

निळा नर विजेच्या तारेवर बसला होता. चोचीत हिरवी अळी. लिओटा दोन पावलं मागे सरली, तसा तो पेटीवर आला, भोकात डोकावला आणि अळी तशीच घेऊन पुन्हा तारेवर गेला. थोड्या वेळाने परत आला. परत डोकावला.

तिने घरात जाऊन ड्यूईला फोन केला.

ड्यूई पलीकडच्या टेकडीवर राहायचा आणि तिथल्या रीतीप्रमाणे लिओटाला आदराने ‘मिस’ म्हणायचा. हार्लनपेक्षा पुष्कळ लहान, पण दोघांचा सुतारकामाचा नाद एक. चर्चच्या तळघरात बसून दोघांनी मिळून अर्ध्या गावाला पेट्या करून दिल्या होत्या. हार्लन पानगळीत गेला. त्याला मूठमाती देऊन परतताना ड्यूईच तिला म्हणाला होता, "मिस लिओटा, पेट्या ठेवायच्या की काढायच्या ते थंडी संपायच्या आत ठरवा." ती म्हणाली होती, "बघू." थंडी संपली. निळे आले. ते दिसले आणि तिला वाटलं, ठरवायचं काही उरलंच नाही.

ड्यूई आला तो पत्र्याचा छोटा सापळा घेऊनच. पेटीत वाकून बघितलं, टोपी मागे सारली.

"कुंपणाजवळच्या दुसऱ्या पेटीतलं चिमणीचं घरटं तुम्ही काढत होतात का?"

"रोज सकाळी. ती भरायची, मी उपसायचे. म्हटलं, कंटाळून जाईल."

ड्यूई सापळ्याची झडप उघडून-मिटून बघत राहिला.

"का रे?"

"काही नाही."

"ड्यूई, मी म्हातारी झाले आहे, काचेची नाही. बोल."

"घर मोडलं म्हणून चिमणा जात नसतो, मिस लिओटा. तो चिडतो. शेजारचं घर शोधतो." त्याने कपड्यांच्या तारेकडे हनुवटी केली. "घरटं काढायचं तर आधी चिमणा धरायचा. नाहीतर हातच लावायचा नाही. हार्लनने कधी सांगितलं नाही?"

"मी कधी विचारलं नाही."

खरंच विचारलं नव्हतं. त्यांच्या घरात ते तसंच होतं. हार्लन सकाळी पेट्या बघून यायचा. एखाद्या दिवशी तो सरळ घरात न येता शेडमागे जायचा आणि मग मागच्या नळाचा आवाज यायचा. नळ बराच वेळ वाहत राहायचा. त्या दिवशी लिओटा ओव्हनमधली मक्याची पोळी बघायला वळायची, ती झाली असो वा नसो. तो हात पुसत आत येई आणि म्हणे, "कॉफी आहे का?" मग दोघं खिडकीशी बसून निळ्यांची पिल्लं मोजत.

लोकांना पेटी देताना मात्र हार्लन प्रत्येकाला एक गोष्ट बजावायचा. "चिमणी आवरता येणार नसेल तर पेटी लावू नका. निळ्यांना बोलावून तिच्या तोंडी द्यायचं, हा पाहुणचार नव्हे." हे लिओटाने कितीदा ऐकलं होतं. ते आपल्यालाही लागू पडेल असं कधी तिच्या मनात आलं नव्हतं.

ड्यूईने पेटीत सापळा बसवला. दोघं मागच्या ओट्यावर येऊन बसले. तिने कॉफी ओतली.

"अख्ख्या केंटकीत अशी कॉफी कोणी करत नाही," ड्यूई म्हणाला.

"आवडली?"

"तसं नाही म्हणालो मी."

"हार्लन चाळीस वर्षं प्यायला."

"म्हणूनच माझ्याकडे यायचा तो. पाणी प्यायला."

ती हसली. मग खिशावरून हात फिरला आणि तिला आत काय आहे ते आठवलं.

"मनाला लावून घेऊ नका," ड्यूई म्हणाला. "त्या चिमण्या मुळात इथल्या नाहीतच. कोणीतरी बोटीतून आणून सोडल्या."

"आपण तरी कुठले रे?"

ड्यूईने कपात बघितलं.

तेवढ्यात पेटीकडून झडप पडल्याचा बारीक आवाज आला. आत फडफड सुरू झाली. ड्यूईने खिशातून कांद्याची जाळीची पिशवी काढली आणि उठला.

"तुम्ही आत जा. मी शेडमागे नेतो."

"नको. दे इकडे."

"मिस लिओटा."

"दे म्हणते ना."

तिने पिशवी पेटीवर चढवली, बाजू पाडली. चिमणा सरळ जाळीत आला. जाळीतूनच तिने त्याला मुठीत धरला आणि पिशवीबाहेर काढला. गळ्यावर काळा डाग, तपकिरी डोकं, एक पाय जाळीच्या दोऱ्यात गुंतलेला. तो तिने सोडवला. त्याचं अंग उष्ण होतं. काळीज इतकं जलद चाललं होतं की ठोके वेगळे कळत नव्हते, नुसता एक थरथराट बोटांना लागत होता. उबवणी केंद्रात नुकतं फुटलेलं पिल्लू हातात घेतलं की असंच लागायचं.

"अंगठा मानेच्या मागे," ड्यूई हळूच म्हणाला. "बघायचं नाही. एकदाच, जोर लावून."

तिने अंगठा तिथे ठेवला. जागा तिला बरोबर सापडली. खिशात ती मादी होती, अजून काही वजन नसल्यासारखी. विजेच्या तारेवर निळा नर होता. चोचीत तीच अळी की दुसरी, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

चिमण्याने एकदा तिच्या बोटाला चावा घेतला. दुखलं नाही.

तिची मूठ उघडली. चिमणा तिच्या तळहातावर क्षणभर बसून राहिला, सुटल्याचं त्याला कळलंच नसावं. मग कुंपणाकडे उडाला.

ड्यूईने टोपी काढली, पुन्हा घातली.

"तो परत येणार."

"माहीत आहे."

"हे बघा, मी रोज येत जाईन सकाळचा. तुम्हाला कळणारसुद्धा नाही. हार्लन करायचा तसंच."

लिओटा मागच्या नळाकडे बघत होती. नळाखाली हार्लनने ठेवलेली दगडी फरशी होती, पाण्याने मधोमध झिजलेली.

"तू नळावर हात धुणार," ती म्हणाली, "आणि मी परत आपली खिडकीत बसून निळे बघणार."

"त्यात काय वाईट?"

कपड्यांच्या तारेजवळून कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून खालच्या कुरणापर्यंत पेट्या खांबांवर ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीचं तोंड घराकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळ्या दिसाव्यात म्हणून हार्लनने त्या तशा लावल्या होत्या. निळा नर पुन्हा एकदा पेटीवर येऊन बसला. आत डोकावला नाही. हळू आवाजात, नेहमीसारखीच शीळ घातली.

ओल्या चादरी टोपलीत तशाच पडल्या होत्या. तिने एक उचलून झटकली, तारेवर टाकली, कडा सारख्या केल्या. चिमटे लावले.

"पाना आणलायस ना, ड्यूई?"

"गाडीत आहे."

"मग पेट्या उतरव. सगळ्या."