कुत्र्याला बोलावायची शिट्टी

मला ऑपेरातलं ओ की ठो कळत नाही. डुकराच्या मांड्यांना मीठ चोळणारा माणूस मी. कारखान्यात रेडिओवर कुणी गायला लागलं की हात थांबतो आणि डोळे भरून येतात, एवढंच माझं ज्ञान.

आमच्या गावच्या पाववाल्या देसोलिनाची मुलगी इल्दे पार्मा शहराच्या ऑपेरागृहात पहिल्यांदाच मोठी भूमिका गाणार होती. रविवारी दुपारच्या खेळाचं तिकीट देसोलिनाने माझ्या हातात कोंबलं.

"फेर्मो, मला धीर नाही होत बाबा, तू जा. वरच्या गॅलरीतले मेले गाणाऱ्यांना कच्चं खातात. आपलं एक तरी माणूस हवं तिथं."

गॅलरीत माझ्या शेजारी एक न्हावी होता, ग्वाल्तिएरो. चाळीस वर्षं त्याच बाकावर बसणारा.

"पहिल्यांदाच आलात?"

"छे! नेहमीचाच आहे मी," मी ठोकून दिलं.

इल्दे गायली आणि माझ्या अंगावर काटा आला. शेवटच्या वरच्या सुराला तिचा आवाज जरासा कापला. मला तर तो कापला म्हणूनच जास्त आवडला. पण ग्वाल्तिएरो फिस्कारला, "गेला सूर!" आणि गॅलरीभर हुर्यो उडवणाऱ्या शिट्ट्या सुरू झाल्या. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

"काय हो नेहमीचे, कान आहेत ना?"

मी दोन बोटं तोंडात घातली. नदीपलीकडून कुत्र्याला बोलावते ती माझी शिट्टी. लहानपणी ती ऐकून इल्देही धावत यायची. आता ती शिट्टी सगळ्यांच्या वर गेली. इल्देने मान वर करून पाहिलं.

"शाब्बास! जाणकार दिसताय," ग्वाल्तिएरोने पाठ थोपटली. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं.

सोमवारी पाव आणायला गेलो. जाणं चुकवलं असतं तर संशय आला असता.

"रात्रभर रडली रे," देसोलिना म्हणाली. "म्हणते, आई, त्यात फेर्मोकाकाची शिट्टी होती. मी म्हटलं, वेडी का तू? त्याला तर मीच पाठवलं होतं, टाळ्या वाजवायला. तू ऐकलीस का रे तसली शिट्टी?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

तिने रोजच्यासारखा सगळ्यात खरपूस पाव निवडून दिला.

बाहेर आलो तर कुत्रा पार नदीकडे गेलेला. बोटं ओठांपर्यंत नेली. देसोलिना काचेआडून हात हलवत होती. बोटं खाली घेतली आणि कुत्र्याला आणायला नदीपर्यंत चालत गेलो.