सुका राहिलेला डबा

मी पुलाखालचा एक जुना डबा आहे, मित्रांनो. नदीचं पाणी किती चढलं ते मोजणारा. ज्या दुपारी येसाजी शिडी घेऊन माझ्याकडे आले, ती अगदी रोजच्यासारखी दुपार होती. पावसाळा तोंडावर आला होता. गावात जो तो सरपण झाकत होता, पेंढा झाकत होता.

पुलावरून त्यांचा मित्र नवशा ओरडला, "काय रं येसाजी, डब्याला रेनकोट घालतोस काय?"

"पोरीचा डबा हाय. भिजला तर तिला काय सांगू?"

"मंग छत्री पन दे की त्याच्या हातात!"

दोघं हसले. येसाजींनी मला निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, सुतळीनं आवळलं आणि मुलीला फोन लावला. "समिधा, तुझा डबा यंदा सुका राहील गं."

कामाच्या गडबडीत ती म्हणाली, "बरं बाबा."

समिधानेच मला इथं बसवलं होतं. कोंडाण्याच्या डोंगरातलं पाणी आधी या पुलाखालून जातं, मग शहराकडे. माझी भावंडं खालापूरच्या बाजूलाही होती. आम्ही पाण्याकडे आवाज सोडायचो. तो परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून पाणी ओळखून आकडा पाठवायचो. आमच्या आणि खालापूरच्या, दोन्हीकडच्या कचेऱ्यांत एकच नकाशा उघडलेला असे. पाणी चढलं की काठावरच्या सगळ्यांचे फोन वाजत.

एका पावसाळ्यात माझ्या निरोपावर खालच्या बाजारातल्या लोकांनी धान्याची पोती वेळेत माळ्यावर चढवली. खालापूरहून होडी पाण्याच्या आधी पोचली. तेव्हा मला हार घातला होता. येसाजी भेटेल त्याला सांगत, "माझ्या पोरीचं काम हाय." पुढे कौतुक ओसरलं. शिडी लावून मला बघायला कोणी येईना. येसाजी तेवढे येत, कोळिष्टकं काढून जात.

मला गुंडाळलं त्या वर्षी लावणीच्या दिवसांत वर डोंगरात फार पाऊस झाला. मी आवाज सोडत होतो, पण तो प्लास्टिकमध्येच घुटमळत होता. मला उत्तर मिळेना. उत्तर नसलं की पडद्यावर आधीचाच आकडा राहतो. तो हिरवा होता, म्हणजे धोका नाही. कोणाचाही फोन वाजला नाही.

भाताच्या रोपांच्या मुठी काठावरच्या खाचरात राहिल्या होत्या. येसाजी त्या आणायला निघाले.

"नको जाऊ रं, पानी गढूळलंय," नवशा म्हणाला.

"पोरीचा डबा गप हाय. मंग कसलं भ्या?"

पाणी आलं. मला ते ऐकू आलं. सांगता आलं नाही.

त्या खोट्या हिरव्या आकड्यानंतर लोकांचा भरवसा उडाला, आता तो नकाशा बंद आहे. एकमेकांचं पाणी कोणी बघत नाही, आणि पुन्हा बघतील असं मला वाटत नाही. मित्रांनो, तुमची वस्तू जो माणूस जिवापाड जपतो, त्याला ती कशी जपायची ते वेळेवर सांगा. आमच्या बाबतीत या सांगण्याचा आता उपयोग नाही.

येसाजींचं दिवसकार्य उरकल्यावर समिधा पुलावर आली. नवशाने मला काढून तिच्या हातात दिलं. वडिलांनी मारलेली गाठ सोडवायला तिला बराच वेळ लागला. आत मी कोरडा ठणठणीत होतो. रिपरिप चालू होती. तिनं मला तसंच उघड्यावर धरलं, माझ्यावरून पाणी ओघळू दिलं, आणि नदीकडे बघत, कचेरीत कधी न बोललेल्या घरच्या बोलीत म्हणाली,

"बाबा, त्याला भिजायलाच बनवलंय. पान्यानं त्याला काय होत नाय."