आबांची ड्यूटी

दौंडच्या त्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्या वॉर्डाला एकच घोर लागला होता: केडगावची ग्रेस पादत का नाही?

शब्द जरा उघडाच झाला, पण करता काय, गोष्टच तशी होती. सहा वर्षांची पोर. पोटात अपेंडिक्स फुटलं, तातडीनं ऑपरेशन झालं, देवाच्या दयेनं निभावलं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, गॅस पास झाल्याशिवाय पाण्याचा थेंब द्यायचा नाही. गॅस पास झाला म्हणजे आतडी कामाला लागली. सलाइन चालू होतं, पण सलाइननं जिभेची तहान भागते होय? ओठांना पापुद्रे सुटलेले. तिची आई रिबेका ओला कापूस ओठांवरून फिरवायची, तर पोर तो कापूसच चोखायला बघायची.

आणि उशाशी, स्टुलावर ताठ, नथानिएल आबा.

आबा म्हणजे ग्रेसचे आजोबा. रेल्वेत गार्ड म्हणून सगळी नोकरी काढली. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी अंगातली ड्यूटी उतरली नव्हती. चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळात पंच. घरी संध्याकाळी सातच्या ठोक्याला प्रार्थना, आणि त्यात कुणी नुसतं खोकलं तरी आबांचा एक डोळा उघडायचा. ईस्टरच्या आधी चर्चचे पाळकसाहेब घरी आले होते, तेव्हा ऐन प्रार्थनेत ग्रेसच्या हातून, हातून कसलं, जिथून व्हायचा तिथून आवाज झाला, आणि वर ती फिस्सकन हसली. आबांनी प्रार्थना थांबवली. पोरीला उभं केलं आणि सगळ्यांदेखत पाळकसाहेबांची माफी मागायला लावली. "देवापुढं बसल्यावर अंग आवरावं मानसानं," म्हणाले. पाळकसाहेब बिचारे स्वतःच हसू दाबत होते, पण आबांपुढं बोलणार कोण?

तर असे आबा. पण नातीवर जीव एवढा, की ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी ते स्टूल सोडलं नव्हतं. त्यांचा मुलगा रॉनी, म्हणजे ग्रेसचा बाप, शिक्रापूरच्या कंपनीतली शिफ्ट संपवून यायचा. "आबा, घरी जाऊन जरा पाठ टेका. मी हाय की हितं." तर आबा म्हणायचे, "गाडी मुक्कामाला लागल्याबिगर गार्ड उतरत न्हाई." आणि दर तासाला नातीकडे वाकायचे, "बाळा, वारा सरला का गं?" पोर डोळे मिटून मान हलवायची. न्हाई.

सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी ग्रेसच्या पोटाला नळी लावून ऐकलं. "आवाज तर छान येतोय. मग अडलंय कुठं?" जाताना म्हणाले, "चारपर्यंत बघू. नाहीतर पुण्याला हलवावं लागेल. आत कुठं अडथळा असेल, तर परत उघडावं लागेल."

परत उघडायचं! एवढंसं पोट, त्यावर कालपरवाचे टाके. रिबेकानं पुण्याला न्यायची पिशवी भरायला घेतली. तीन वाजेपर्यंत वाट बघून आबांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थनेला सुरुवात केली. "हे आमच्या स्वर्गातील बापा, या लेकराचा... या लेकराला..." आणि गाडी तिथंच थांबली. चर्चमध्ये पाऊण-पाऊण तास प्रार्थना करणारा माणूस, त्याला एक शब्द सुचेना.

"पादू दे म्हना की सरळ!" शेजारच्या खाटेवरून सरदारबी म्हणाली. तिची नात सुमैया हात मोडून तिथं दाखल होती. "आमच्या अल्लाला समजतंय, तुमच्या देवाला समजायचं न्हाई व्हय?"

सुमैया खिदळली. ग्रेसनं मात्र ओठ घट्ट आवळले आणि पाय पोटाशी घेतले. सरदारबीच्या नजरेतून ते सुटलं नाही. सात नातवंडं वाढवलेली बाई ती.

"आबा, खाली जाऊन मला चहा आना बरं."

"मी हितनं हलनार न्हाई."

"हलनार न्हाई म्हंजी? माझं गुडघं धरल्यात. शेजारधर्म हाय का न्हाई तुमच्यात?"

शेजारधर्माचं नाव काढल्यावर पंचाला बसून राहता येईना. आबा कुरकुरत उठले. टपरीवर चहा उकळेपर्यंत यार्डातून मालगाडीची शिट्टी आली, आबांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. तीन वीस. चाळीस मिनिटं राहिली होती.

परत आले तर दारातच हसण्याचा गलका. सिस्टर चमच्यानं ग्रेसला पाणी पाजत होती, आणि रिबेका एकाच वेळी रडत आणि हसत होती. "झालं आबा! चांगलं मोठ्यानं झालं!"

आबांनी वर बघितलं. "देवा, तुझी स्तुती असो! कवा?"

"तुमी जिना उतरलात तवाच."

"मग सकाळपास्नं का झालं न्हाई?"

रिबेका खाली बघायला लागली. शेवटी सरदारबीनंच त्यांच्या हातातून चहा घेतला, फुंकर मारली आणि हळू आवाजात म्हणाली, "धरून बसली व्हती पोर. मी इचारलं का गं, तर म्हनली, आबा बसलेत ना."

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते सुकलेले ओठ, तो चोखलेला कापूस, ती पुण्याची तयारी, या सगळ्याच्या आड दुसरं कुणी नाही, आपणच स्टूल टाकून बसलो होतो. ते खाटेजवळ गेले. त्यांना बघताच ग्रेसनं चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि पाणी प्यायची थांबली. हे त्यांना जास्त लागलं.

"ग्रेस," आबा म्हणाले, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. माफी चारचौघांत मागायची हा नियम त्यांचाच होता. "त्या दिशी पाळकसाहेबांपुढं तुला उभी केली. चुकलं माझं. मला माफ कर."

पोरीनं बराच विचार केला. "देव रागावला न्हाई?"

"तो कशाला रागवंल? पोट त्यानंच केलंय की."

"मग तुमी का रागावला?"

"मी गाढव हाय म्हनून."

हे तिला पटलेलं दिसलं. "बसा," ती म्हणाली.

आबा बसले. सिस्टरनं आणखी दोन चमचे पाणी पाजलं. मग आबांनी हात जोडून, डोळे मिटून आभार मानायला सुरुवात केली. "हे दयाळू बापा, तू आमची हाक ऐकलीस..." आणि नेमका त्याच वेळी चादरीखालून बारीक, लांबलचक आवाज आला.

रिबेकानं श्वास रोखला. ग्रेस टक लावून आबांच्या तोंडाकडे बघत होती.

आबांचा एक डोळा उघडला. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि परत मिटला.

"आमेन," आबा म्हणाले.