पाण्याला गेलेली

“ए पोरी, घागर सरकव की गं! मुकी हायस का बहिरी?”

बाळीवेशीमागच्या गल्लीत नळापाशी सकाळीच कालवा झाला होता. त्र्याहत्तर सालचा मार्च महिना, दुष्काळाचं साल. एक दिवसाआड पाऊण तास पाणी. घागरी, हंडे, डालड्याचे डबे यांची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत गेलेली, आणि रांगेच्या तोंडाशी सहा-सात वर्षांची एक पोर दोन्ही हातांनी घागरीला मिठी मारून बसलेली. घागर भरून पाणी वाहून चाललं होतं, पण पोर काही उठेना. एका बाईनं घागर ओढली, तशी पोरीनं तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला आणि किंचाळली, “ब्याडा! नम्म कोडा!”

चावा बसलेली बाई ओरडली. दुसरीनं पोरीचा दंड धरला.

“बिडरी! सोडा तिला,” मागून आवाज आला. “आमची घागर म्हणते ती. कानडी आहे पोर.”

बायका एकदम गप्प झाल्या. पोर कानडी निघाली म्हणून नव्हे. तो आवाज वीरभद्रप्पांचा होता, आणि गेल्या वर्षभरात गल्लीनं तो ऐकलाच नव्हता.

वीरभद्रप्पा म्हणजे पालिकेचे पाणी सोडणारे. कमरेएवढी लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधायची आणि पहाटेपासून पेठापेठांतून रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडत-मिटत फिरायचं, हे त्यांचं चोवीस वर्षांचं काम. सोलापुरात तेव्हा घड्याळं थोड्याच घरांत. माणसं मिलच्या भोंग्यावर उठत आणि वीरभद्रप्पांच्या सायकलचा खडखडाट ऐकून घागरी मांडत. एके काळी मोठा बोलका माणूस. लग्नघराला अर्धा तास पाणी जास्त सोडावं, बाळंतिणीच्या घरी आधी हाक मारून विचारावं, अशी त्यांची रीत होती.

पण आदल्या वर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात त्यांची बायको ईरम्मा काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. दोघं मूळची अक्कलकोटाकडची. बाहेर मराठी, घरात कानडी. ईरम्माला मराठी भाजी घेण्यापुरतंच येई. समोर बसून, स्वतः वाढून जेवू घातल्यावरही ती विचारायची, “ऊटा आतेन?” जेवण झालं का? त्यावर वीरभद्रप्पा वर्षानुवर्षं हसत आले होते. ती गेली आणि घरातली भाषाच गेली. भेटायला आलेली माणसं म्हणाली, ‘वहिनी लिंगैक्य झाल्या.’ वीरभद्रप्पांनी नुसती मान हलवली. स्वतःच्या तोंडानं त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. या संक्रांतीला कासारीण बांगड्या घेऊन दारात आली, तेव्हा ‘माहेरी गेल्यात’ असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं होतं.

आता ते पोरीपुढं उकिडवे बसले. “अळब्याड,” म्हणाले. रडू नको. “तुझी घागर कोणी नेत नाही. नाव काय तुझं?”

“निंगव्वा.”

यापुढचं त्या दोघांचं बोलणं सगळं कानडीतलं. आपण ते मराठीत ऐकू.

“घागर भरली की, निंगव्वा. उठत का नाहीस?”

“अव्वा यायचीय.”

“कुठं गेलीय अव्वा?”

“पाण्याला,” निंगव्वा म्हणाली. “पाणी इथंच येतं ना? मग ती पण इथंच येणार.”

एवढ्यात तिची चुलती बजाबाई विड्यांचं सूप टाकून धावत आली. बार्शीकडची बाई, चपळ आणि फटकळ. तिनं पोरीला घागरीसकट उचललं आणि वीरभद्रप्पांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, “काय सांगू अप्पा, हिची आई खडीच्या कामावर हगवणीनं गेली. दीड म्हैना झाला. बाप पोरीला हितं सोडून पुन्यांदा खडी फोडाय गेला. जाताना म्हनला, आई पान्याला गेलीया म्हून सांगितलंय, तुमीबी तसंच सांगा. मला तर हिचं बोलनं कळत न्हाय. मालक रातपाळी करून दिवसभर पडत्यात. रोज उठून नळापाशी बसती, बघा.”

वीरभद्रप्पांनी ऐकून घेतलं. चावी दांडीला बांधली आणि पुढच्या गल्लीला गेले. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याची पाळी आली, तेव्हा निंगव्वा त्यांच्या सायकलमागं पळत आली. पाणी आणणारा माणूस हाच, हे तिनं बरोबर हेरलं होतं. व्हॉल्व्हचं झाकण काढल्यावर ती रस्त्यावर पालथी पडून खड्ड्याला कान लावायची आणि आतून पाण्याचा आवाज आला की डोळे मोठे करायची.

“हे कुठनं येतं, अज्जा?”

“टाकीतनं.”

“टाकीत कुठनं?”

“हिप्परग्याच्या तळ्यातनं.”

“मग अव्वा तिथंच असणार. मला घेऊन चल.”

“बघू,” वीरभद्रप्पा म्हणाले.

हे ‘बघू’ महिनाभर चाललं. मधल्या दिवसांत निंगव्वानं त्यांना गावाकडच्या तीन शेळ्यांची नावं सांगितली, कोणती मारकी आणि कोणती लबाड तेही सांगितलं. ते खिशातून भाजलेल्या शेंगा आणू लागले. पाळी नसली तरी त्यांची सायकल त्या गल्लीत वळू लागली. एकदा दुपारी ते नुसतेच उभे असताना तिनं पायरीवरून विचारलं, “ऊटा आतेन, अज्जा?” कोणत्याही कानडी घरातली पोर आल्यागेल्याला विचारते, तसं. ईरम्मा गेल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जेवण झालं नव्हतंच. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे लाल अमेरिकी ज्वारीची भाकरी त्यांना एकट्याला थापता येत नसे. दोन वेळा चहा-पाव खाऊन ते दिवस काढत होते. “झालं,” ते म्हणाले. ती म्हणाली, “खोटं. तोंड सुकलंय,” आणि आत जाऊन बजाबाईच्या टोपलीतली भाकरी चटणीसकट घेऊन आली. वीरभद्रप्पांनी ती उभ्यानंच खाल्ली. तुकडासुद्धा उरला नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी त्यांनी बजाबाईला ‘पोरीला फिरवून आणतो’ असं सांगितलं, सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळला, तिला पुढं बसवली आणि तुळजापूरच्या रस्त्यानं अडीच कोस दामटत हिप्परग्याला नेली. का नेली, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. रोजचा तिचा प्रश्न त्यांना चुकवता येत नव्हता, एवढंच.

तळ्याचा तळ भेगाळून गेला होता. दूर मधोमध हिरवट पाण्याचं डबकं उरलेलं, आणि अलीकडं आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायका झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत होत्या. सगळ्यांच्या डोक्यांवरून उन्हासाठी पदर पुढं ओढलेले. सायकल थांबायच्या आतच निंगव्वानं उडी मारली आणि भरावावरून खाली धावली. पहिल्या बाईपाशी गेली, वाकून पदराखालचं तोंड पाहिलं. दुसरीपाशी गेली. मग तिसरी, चौथी. एक बाई पाठमोरी बसली होती, हिरव्या लुगड्यातली. तिच्यापाशी पोर जरा थांबली, मग तिनं हळूच पदर ओढला.

“काय गं बाळा? पानी पायजे?” ती बाई वळून म्हणाली.

निंगव्वा परत आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. “इथं पण नाही,” ती म्हणाली. “अज्जा, याच्या पुढं कुठं पाणी आहे?”

आहे, भीमेला आहे, असं सांगणं सोपं होतं. वीरभद्रप्पांच्या ओठांवर ते आलंही. पण मग पोर भीमेला जाऊन बायकांचे पदर ओढणार, तिथून आणखी पुढं. आणि ते तिला सायकलवर बसवून नेत राहणार. ते भरावाच्या दगडावर खाली बसले.

“निंगव्वा, अव्वा पाण्याला गेलेली नाही. अव्वा मेली.”

‘सत्तळ’, मेली, हा शब्द वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून गेला.

“शेळी मेली तशी?”

“होय.”

“मग परत येत नाही?”

“नाही.”

“तुला काय माहीत?”

“माझ्या घरची पण मेली,” वीरभद्रप्पा म्हणाले. “ईरम्मा तिचं नाव. बांगडीवाली आली होती, तिला मी सांगितलं, माहेरी गेलीय म्हणून. खोटं सांगितलं.”

“का?”

“नंग गोत्तिल्ला,” ते म्हणाले. मला माहीत नाही. आणि एवढा थोराड बाप्या माणूस गुडघ्यांत तोंड घालून हुंदके देऊ लागला.

पोरीनं पुढं होऊन परकराच्या टोकानं त्यांचं तोंड पुसायला घेतलं. एक गाल पुसून झाला, दुसरा पुसता पुसता तिचाच ओठ वाकडा झाला, आणि मग तिला कुणाचंच तोंड पुसता आलं नाही. हिरव्या लुगड्यातली बाई वर आली. काही न विचारता घागरीतलं पाणी तिनं दोघांच्या ओंजळीत ओतलं. त्या वर्षी कुणी कुणाला उगाच पाणी देत नसे.

बजाबाईनं संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं. “तुमी कोन हो सांगनारं? तिच्या बापाला जमलं न्हाय, आन् तुमी कोन टिकोजीराव? पोर आल्यापास्नं भितीकडं तोंड करून पडलीया. पुन्यांदा ह्या दारात येऊ नका.”

“चुकलं असंल, बजाबाई,” वीरभद्रप्पा म्हणाले. “ती रोज नळाला बसून वाट बघायची. मला बघवंना.”

दोन दिवस पोर जेवली नाही. वीरभद्रप्पांनाही घास गेला नाही. तिसऱ्या सकाळी पाळी होती. त्यांनी मान खाली घालून चावी फिरवली. खरं तर तिथून निघून जायचं, पण पाय निघेना. रांग हलू लागली. निंगव्वा आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. तिनं घागर नळाखाली धरली. घागर भरली. भरल्याबरोबर तिनं ती बाजूला ओढली आणि मागच्या बाईला जागा करून दिली. मनगटाला चावा बसला होता तीच बाई पुढं झाली, स्वतःची चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली आणि घागर चढवून दिली.

त्याच दुपारी बजाबाईचा निरोप आला : “अप्पा, जेवाय या. पोर रडत रडत काय काय सांगतीया, मला एक अक्षर कळंना. समोर बसा आन् मला मराठीत सांगा.” वीरभद्रप्पा जाऊन बसले. पोर आईविषयी बोलत होती. ते एकेक वाक्य मराठीत सांगत गेले, आणि बजाबाई विड्या वळता वळता डोळे पुसत ऐकत राहिली.

जूनमध्ये पाऊस बरा झाला. वीरभद्रप्पांनी निंगव्वाचं नाव पालिकेच्या शाळेत घातलं. रोज संध्याकाळी पायरीवर शिकवणी चाले. नीर म्हणजे पाणी, नायी म्हणजे कुत्रा. गणपतीपर्यंत पोर थेट बजाबाईसारखी बार्शीकडची मराठी फाडफाड बोलू लागली. “अज्जा, तुला मराठी लई कमी येतं की रं,” असं म्हणून त्यांच्या चुका काढू लागली. बजाबाई म्हणे, “अप्पांनी पोरीला मराठी शिकवलं का पोरीनं अप्पांना बोलाय शिकवलं, द्येवाला ठावं.” लग्नघरांना पुन्हा अर्धा तास पाणी जास्त मिळू लागलं. श्रावणात कासारीण आली, तेव्हा वीरभद्रप्पांनी तिला बसायला पाट दिला, ईरम्मा कशी गेली ते सगळं सांगितलं, आणि निंगव्वाला हाक मारून तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरून घेतल्या.

दिवाळीत निंगव्वाचा बाप मल्लप्पा आला. वाळून कोळ झालेला माणूस. शेतात ज्वारी पेरली होती, घर शाकारलं होतं. “पोरीला न्यायला आलो,” म्हणाला आणि वीरभद्रप्पांकडं न बघता पुढं म्हणाला, “आल्या आल्या तिनंच मला सांगितलं, अव्वा मेली म्हणून. मग म्हणाली, तू रड, मी बसते इथं.”

एस. टी. स्टँडवर निंगव्वानं खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला. “अज्जा, तू पण चल.”

“मग इथं पाणी कोण सोडणार?”

तिनं विचार केला. कारण तिला पटलं. “होय, ते पण खरं,” असं म्हणून तिनं हात आत घेतला. बस निघाली. मिलची पहिली पाळी त्याच वेळी सुटली आणि सायकलींच्या लोंढ्यात वीरभद्रप्पांना बस कोणत्या बाजूला वळली ते दिसलंही नाही.

मल्लप्पा शाळेचा दाखला तेवढा पाठवायला सांगून गेला होता. सुट्टी संपल्यावर वीरभद्रप्पा धुतलेलं धोतर नेसून शाळेत गेले. मोठ्या बाईंनी दाखला लिहिला आणि रजिस्टर त्यांच्यापुढं फिरवलं. “इथं नाव, इथं सही. आणि इथं मुलीशी नातं लिहा.”

नाव झालं, सही झाली. तिसऱ्या रकान्यापाशी टाक थांबला.

“आजोबा का तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग चुलते?”

“नाही.”

“अहो, मग काय लिहायचं? रकाना मोकळा ठेवून चालत नाही.”

शेजारच्या वर्गात पोरं बाराचा पाढा म्हणत होती. वीरभद्रप्पांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि जाड, सावकाश अक्षरात लिहिलं, ‘घरचा.’

बाईंनी वाचलं. चष्म्यावरून एकदा वर पाहिलं आणि शिक्का उमटवला.

शाई वाळेपर्यंत वीरभद्रप्पा फुंकर घालत तिथंच उभे राहिले. मग घडी पडू नये म्हणून दाखला सदऱ्याच्या आत छातीशी सपाट धरला, आणि लांब पाकीट मिळतं का ते विचारायला एका हातानं सायकल ढकलत पोस्टाकडं निघाले.