मला बांधलेली पोरं

मी या घराचा मधला खांब. बाकी सगळे बोलून दमले, म्हणून आता मी बोलतोय. फार बोलणार नाही. ज्याला उभं राहायचं काम असतं, त्याला बडबड परवडत नाही.

मी साल वृक्षाच्या लाकडाचा आहे. या लाकडाला वाळवी लागत नाही, पाण्यानं ते कुजत नाही. बढाई मारत नाही, आहे ते सांगतो. घराचा आताचा धनी टेकबहादूर, त्याचा आजा जसबीर यानं मला खालच्या रानात पाडलं. गावच्या गड्यांनी दोर लावून मला डोंगरावर चढवलं. अर्ध्या वाटेत दोघं धापा टाकत बसले आणि मलाच शिव्या देऊ लागले. माणसाची आणि माझी ती पहिली ओळख. स्वतःचा दम कमी पडला की माणूस ओझ्याला शिव्या देतो. पुढं या घरात मी हेच बघत आलो.

जसबीरनं मला वाकसानं तासलं, चौकोनी केलं आणि घराच्या मधोमध रोवलं. डोक्यावर आढं ठेवलं. मग माझ्यापासून थोड्या अंतरावर चूल केली. चूल कसली, जमिनीतला खड्डा. त्यात लाकडं, वर लोखंडाची तीन पायांची तिवई. आमच्या डोंगरात घरोघर अशीच आग असते. रांगतं पोर सरळ तिच्यात जाऊ शकतं, मधे काही आडवं नाही. पण ती उंच करावी असं कुणाच्या मनात येत नाही. बापजाद्यांनी खाली ठेवली, म्हणून खाली.

म्हणूनच पोरं मला बांधायची रीत पडली. आई आपल्या कमरेचा लांबलचक पटुका सोडायची. एक टोक पोराच्या कमरेला, दुसरं मला. पोर आगीच्या अलीकडंच अडायचं. मग ते रडायचं, ओढायचं, माझ्याभोवती फिरून स्वतःलाच गुंडाळून घ्यायचं. आई निवांत गवताला जायची. माझ्या बुडाशी कापड घासून घासून खाच पडली आहे. या घरातलं एकही पोर भाजलं नाही. माझ्या तीन पिढ्यांची कमाई ती एवढीच, पण ती खरी आहे.

आता घरात बिर्खे. टेकबहादूर आणि सुनमाया यांचं पहिलंच पोर. मला धरून उभं राहायला लागलेलं. सुनमाया त्याला रोज मला बांधायची आणि कामाला जायची. सगळं सुरळीत होतं. सुरळीत चाललेलं माणसाला बघवत नाही.

दसैंच्या सणाला, म्हणजे दसऱ्याला, टेकबहादूरची बहीण रूपकली माहेरी आली. तिला शहरात दिलेली. अंगणात सणाचा बोकड खुंटीला बांधला होता. त्याला वळसा घालून ती दारात आली, आत बिर्खे मला बांधलेला दिसला, आणि बाई उंबऱ्यावरच पोट धरून हसायला लागली.

"अगं भाउजू," ती भावजयीला म्हणाली, "बाहेर एक बांधलाय, आत एक बांधलाय. यंदा कापायचा कुठला, ते तरी सांगून ठेव!"

टेकबहादूर हसला. त्याची आई हर्कमाया हसली. या म्हातारीनं आपली सगळी पोरं मला बांधून वाढवली. ही दात काढणारी रूपकलीसुद्धा. म्हातारीनं एक शब्द बोलायला हवा होता. पण लेक शहरातून आली, मिठाईचा पुडा घेऊन आली, तिच्यापुढं आपण गावंढळ कशाला दिसायचं? सुनमायाही हसली. नुसती तोंडानं.

"आमच्याकडं पोरं मोकळी असतात बाई," रूपकली म्हणाली. "बांधायला ते काय ढोर आहे?"

तुमच्याकडची चूल ओट्यावर असते, हे तिला कुणी सुनावलं नाही.

सुनमायानं गाठ सोडली आणि पटुका कमरेला गुंडाळला. रूपकली सासरी परत गेली, पटुका मात्र कमरेवरच राहिला. कारण ते हसू गावभर झालं होतं. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय गं, तुझा बोकड कसा आहे?" माणसाला आगीची भीती थोडी आणि हसण्याची फार.

मग एका सकाळी व्हायचं ते होता होता राहिलं.

सुनमायानं ढिंडोसाठी पातेल्यात पाणी चढवलं होतं. उकळी आली, आता मक्याचं पीठ सोडायचं. तेवढ्यात गोठ्यात रेडकू सुटलं आणि म्हशीला लुचायला लागलं.

"आमा, पोराकडं बघा हं जरा," म्हणत ती धावली.

"हो, हो," म्हातारी अंगणातून म्हणाली. उन्हाला पाठ देऊन ती धान्य निवडत बसली होती. मानसुद्धा वळवली नाही.

बिर्खेनं मला सोडलं. एक पाऊल टाकलं, बसला, मग रांगत निघाला. जळत्या लाकडाचं लांब टोक खड्ड्याबाहेर आलेलं असतं. त्यानं ते धरून ओढलं. लाकूड तिवईच्या पायाला लागलं. तिवई हलली आणि पातेलं कलंडलं.

पलीकडं कलंडलं.

यात कुणाची हुशारी नव्हती, कुणाची पुण्याईही नव्हती. अलीकडं कलंडलं असतं तर मी हे सांगायला तोंड उघडलं नसतं.

उकळतं पाणी आगीवर पडलं. राख आणि वाफ पार आढ्यापर्यंत उसळली. सुनमाया दारात आली तेव्हा आत काही दिसत नव्हतं आणि पोराचा आवाज नव्हता. ती तिथंच थिजली. मग त्या राखेतून बिर्खे शिंकला.

भुवया तेवढ्या होरपळल्या होत्या. बाकी पोर धडधाकट.

आता ऐका, शहाण्या माणसांनी पुढं काय केलं.

हर्कमाया म्हणाली, "चुलीचं दैवत कोपलंय. बुहारी, तूच कधी आग ओलांडली असशील." सुनेवर ढकललं की सासू मोकळी. मग धामी आला, आमच्याकडचा मांत्रिक. त्यानं ढोल बडवला, कोंबडा मागितला, कोंबडा खाल्ला, नाचणीची दारू प्याला आणि आता दैवत शांत झालं असं सांगून झोकांड्या खात गेला. चूल होती तिथंच, होती तशीच.

टेकबहादूर त्या वेळी वाटेवरच्या चहाच्या दुकानात होता. घरी आला, पोराच्या भुवया बघितल्या, म्हणाला, "झालं का काही? नाही ना? मग रडायचं कशाला?" आणि परत दुकानात गेला. दुकानात मात्र त्यानं त्या गोष्टीला तिखटमीठ लावलं. दोन दिवसांनी शेजारचा म्हातारा आमच्या घरात येऊन बसला.

"टेके, तू म्हणे बिबट्यासारखी झेप घेतलीस! पातेलं वरच्या वर लाथाडलंस!"

टेकबहादूर पेल्यातल्या चहाकडं बघत म्हणाला, "अहो, बाप झालं की करावंच लागतं."

सुनमाया तिथंच भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही. फक्त हातातलं पातेलं जरा जोरात घासलं.

तिनं कुणाला दोष दिला नाही, कुणाशी भांडली नाही. तिनं पोराला खाली ठेवणंच सोडलं. दळायला बसली तरी पाठीवर पोर, भाकरीला बसली तरी पाठीवर पोर. झोपेतही त्याच्या अंगरख्याचा कोपरा मुठीत. सासूनं घ्यायला हात पुढं केला की ती मागं सरायची. शेतातली नाचणी कापायची राहिली.

"अगं, खाली ठेव त्याला. जमिनीला पाय लागू देत," म्हातारी म्हणायची.

"राहू दे, आमा. मला जड होत नाही."

तिचं अंग खचत चाललेलं मला दिसत होतं. पण मला कीव आली नाही. भीती वाटली तर माणसानं पोर बांधावं. तिनं ते स्वतःला बांधलं. आणि माणूस खांब नसतो. माणूस हलतो, दमतो, घसरतो.

घसरलीच. नदीच्या वरच्या अंगाला कडा आहे, तिथं चांगलं गवत असतं. बायका तिथं विळा घेऊन जातात, पाठीवर पोर घेऊन कुणी जात नाही. ही गेली. म्हशीला गवत हवं आणि पोर कुणापाशी ठेवायचं नाही, मग दुसरं काय करणार? टेकबहादूर समोरच्या डोंगरावर बांध रचत होता. त्यानं पाहिलं. बायकोचा पाय सुटला, ती पोरासकट गवतावरून घसरत खाली आली, आणि कड्याच्या काठाशी एका झुडपाच्या मुळात तिचा हात अडकला. मधे दरी. दुकानातला हा बिबट्या तिथंच उभा राहून बघत होता. तिनं एका हातानं स्वतःला वर ओढलं.

मी तिथं नव्हतो, मी कुठं जात नसतो. हे पुढं त्याच्याच तोंडून तुटक तुटक बाहेर पडलं.

दुपारी दोघं घरात आले. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत साल गेलेली. पाठीवर बिर्खे झोपलेला. टेकबहादूरनं विडी तोंडात धरली, पण काडी काही त्याला ओढता येईना.

"आता हेही सांगा दुकानात," सुनमाया म्हणाली.

त्यानं विडी खाली ठेवली.

"त्याला खाली ठेव," तो म्हणाला.

"नाही."

"ठेव म्हणतो ना."

"कुठं ठेवू? आगीपाशी? तुमच्या आईपाशी? की तुमच्यापाशी? तुम्ही घरात असता कधी?"

मग त्यानं जे केलं ते या घरात कुठल्या बाप्यानं केलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या कमरेचा पटुका सोडला आणि मला बांधला. गाठ भिकार होती, खाचेच्या पार वर. सुनमायानं ती सोडली आणि खाली खाचेत नीट बसवली.

"आणि पोचला आगीपर्यंत तर?" ती म्हणाली.

टेकबहादूरनं पटुक्याचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. गुडघे टेकले, हात टेकले आणि रांगत आगीकडं निघाला. पटुका ताणला तसा पोटावर आडवा झाला, हात लांबवला. बोटं निखाऱ्यांवर गेली.

"पोचतोय," सुनमाया म्हणाली. "अजून कमी करा."

तो मागं आला, कापड आखडलं, परत रांगत निघाला. नेमकी म्हातारी आत आली.

"अरे, ऊठ! कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

"बघू दे."

"वेड लागलं का तुला?"

"आमा," तो जमिनीवरूनच म्हणाला, "तू मला इथंच बांधायचीस की नाही?"

"बांधायची तर. तू पटुका चावून चावून भोकं पाडायचास."

"मग त्या दिवशी हसलीस कशाला?"

"आणि तू नाही हसलास होय?"

या दोन वाक्यांसाठी मला एवढं थांबावं लागलं. माणसाला सरळ बोलायला आधी दरीत डोकावावं लागतं.

तिसऱ्या खेपेला त्याची बोटं आगीपर्यंत पोचली नाहीत. बापाचा हात पोचत नाही म्हणजे पोराचा पोचणार नाही. एवढं गणित त्याला जमलं, हे मी मान्य करतो. सुनमायानं पाठीवरचं पोर सोडलं, पटुक्याला बांधलं आणि पहिल्यांदा पाठ सरळ केली.

तिहारात, म्हणजे आमच्या दिवाळीत, भाऊबीजेला रूपकली पुन्हा आली. बहीण त्या दिवशी भावाभोवती तेलाची धार फिरवते, त्या रेघेच्या आत मरण येत नाही म्हणतात. दारातूनच तिनं भावाला चिडवायला सुरुवात केली, "अगं बाई, अजून बांधलेलाच! दसैं संपला, दाइ, आता तरी सोड तुझ्या बोकडाला!"

या वेळी कुणी हसलं नाही. टेकबहादूर टिळ्यासाठी चटईवर बसला होता.

"रूपकली, तू तुझी तेलाची धार फिरव," तो म्हणाला. "तिनं मरण अडतं का, मला ठाऊक नाही. पटुक्यानं पोर अडतं. ते मी रांगून बघितलंय."

"राग आला वाटतं."

"आला."

ती धार फिरवायला लागली. रेघ जरा वाकडीच आली.

सुनमायाला मात्र एका दिवसात धीर आला नाही. घागर घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत जायची आणि धावत परत यायची. बिर्खे जागेवर असायचा, बोंबलत. पुन्हा जायची, पुन्हा यायची. घागर कोरडी ती कोरडीच. टेकबहादूर तिला एकदाही हसला नाही. तेवढी अक्कल त्याला आली, टिकेल तितके दिवस टिको. मग एकदा ती अंगण ओलांडून गेली ती घागर भरल्याशिवाय परतली नाही.

मी धुरानं काळा झालोय. खालच्या गावात सिमेंटचे खांब आलेत, उद्या इथंही येतील. येऊ द्यात. मी कुणाकडं काही मागत नाही, सांगतो. घरात उघडी आग ठेवायची असेल तर पोर बांधा. बांधायची लाज वाटत असेल तर चूल उंच करा. दोन्ही होत नसेल तर निदान दुसऱ्याच्या दारात उभं राहून दात काढू नका.

एवढं पुरे. या घटकेला सुनमाया पाणवठ्यावर आहे. बिर्खे मला लाथा मारतोय, चावतोय, आणि सारा डोंगर डोक्यावर घेऊन रडतोय. ते रडणं तिला खाली ऐकू जातं, म्हणून तिची पावलं सावकाश पडतात.

बोंबल, लेका. आई पाणी घेऊन येईपर्यंत बोंबल.