उभ्याने मोजलेला दाब

ताई स्वयंपाकघरात पडली, ओट्याची कड लागून भुवई फाटली, टाके घालावे लागले, आणि हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर भावजी म्हणाले, "तूच काहीतरी समजाव तिला. हल्ली फार नाटकं करते."

ताईच्या धाकट्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगशाळेतला फोन तिने असा आपटला की पलीकडच्या टेबलावरचा सहकारी दचकून उभा राहिला.

ताई आणि नाटकं! शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ताई कापड बेतायची. दिवसभर उभं राहून थप्प्याच्या थप्प्या कापायची आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभी. छातीत कळ आली त्या दिवशीसुद्धा हातातला थर पूर्ण कापून मगच ती खाली बसली होती. हार्ट अटॅक होता. दवाखान्यातून घरी आल्यापासून मात्र पलंगावरून उठलं की तिच्या डोळ्यांपुढे अंधार यायचा, भिंत धरावी लागायची.

भावजी ड्रायव्हिंग शिकवायचे. परक्यांची पोरं भर चौकात गाडी बंद पाडायची, तेव्हा हा माणूस शांतपणे म्हणायचा, "असू दे, पुन्हा क्लच दाब." घरात मात्र राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यांचा हिशेब सरळ होता: पलंगावर पडून बायको छान गप्पा मारते, टीव्ही बघून हसते, आणि उठायची वेळ आली की हिला चक्कर येते. मग हे नाटक नाही तर काय? त्यात डॉक्टरांनी ताईला झोपवून रक्तदाब मोजला आणि "अगदी छान" म्हणून पाठ थोपटली. भावजींना आयतंच कोलीत मिळालं.

आणि धाकटीचं काम नेमकं याच विषयातलं. ती हृदयविकाराच्या संशोधनात होती, उंदरांवर प्रयोग करायची. उंदराच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बांधली की स्नायूचा तेवढा भाग मरतो. माणसाला झटका येतो तसंच. पण तिचं लक्ष मेलेल्या भागाकडे नव्हतं. आपण उभं राहिलो की रक्त पायांकडे उतरतं, दाब घसरतो. मानेतल्या रक्तवाहिन्यांना ते लगेच कळतं, मेंदूला निरोप जातो, हृदय भराभर धावतं आणि दाब पुन्हा वर येतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. झटक्यानंतर ही यंत्रणा सुस्तावते. किती आणि का, हेच ती मोजत होती.

संध्याकाळी तिने भावजींना घराबाहेरच गाठून हे घडाघडा सांगितलं. ते ऐकून घेत नखं कुरतडत होते.

"पुस्तकातलं पुस्तकात ठीक आहे गं," ते म्हणाले. "मी चोवीस तास बघतो ना तिला."

"बघता? काय बघता?" तिचा आवाज चढला. "उद्या या माझ्याकडे. दाखवतेच तुम्हाला."

वरिष्ठांची परवानगी काढून तिने त्यांना काचेपलीकडे उभं केलं. आत दोन पिंजरे. दोन्ही उंदरांच्या मानेमागून बारीक नळी निघालेली, पडद्यावर दोघांच्या रेघा सरकत होत्या. तिने आधी धडधाकट उंदराला दाब उतरवणारं औषध दिलं. दाबाची रेघ खाली गेली, आणि लगेच हृदयाच्या ठोक्यांची रेघ उसळून वर आली. मग झटका दिलेल्या उंदराला तेच औषध. दाब घसरला. ठोके जेमतेम हलले. उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पोट टेकून चपटा झाला.

"म्हणजे ॲक्सिलरेटर दाबतोय, पण गाडी उचलतच नाही," भावजी पुटपुटले. त्यांनी काचेला नाक लावलं होतं. "अरेरे. बिचारा."

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काय म्हणालात?"

"नाही, म्हणजे... हाल होतायत गं त्याचे."

"हाल!" ती ओरडली. "माझी बहीण भुवई फोडून घेते तेव्हा नाटक, आणि उंदीर आडवा झाला की बिचारा? लाज नाही वाटत?"

भावजींनी मान खाली घातली. मग तिला गाडीत घेऊन ते घरी निघाले. धाकटीला वाटलं, चला, एकदाचा माणूस ताळ्यावर आला. रागाच्या तळाशी तिला थोडं जिंकल्यासारखंही वाटत होतं.

ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. भावजी तिच्याजवळ गेले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "अगं, खरंच होतं गं असं. मी आज डोळ्यांनी पाहिलं. उंदराचंही अगदी तुझ्यासारखंच होतं."

ताईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"तू यांना उंदीर दाखवायला नेलं होतंस?"

"तुझ्यासाठीच ना, ताई. ऐकतच नव्हते."

"मी महिनाभर सांगतेय, डोळ्यांपुढे अंधार येतो. ते पटलं नाही. उंदराने साक्ष दिल्यावर पटलं." ताईचा आवाज चढला नाही. "आणि तू गं? घरी आले त्या आठवड्यात मी तुलाच फोन केला होता. 'थोडं चालत जा, अशक्तपणा आहे' म्हणालीस. तुला तर सगळं माहीत होतं!"

तो फोन धाकटीने पिंजऱ्यांजवळ उभ्या उभ्या, रेघांवरची नजर न काढता घेतला होता.

"त्या उंदराचं पुढे काय करता?" ताईने विचारलं.

"हृदय बाहेर काढून बघावं लागतं."

"म्हणजे मारता."

"हो."

"मग त्याच्या पंगतीला मला बसवू नका. दोघंही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ताई एकटीच आत गेली. दोघांना तिने बाहेरच बसवलं. तिचा आवाज मात्र दाराबाहेर स्वच्छ येत होता. "झोपवून नको, डॉक्टर. मी पडते ती उभी राहिल्यावर. उभ्याने मोजा." पट्ट्यात हवा भरल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांनी घाईघाईने नर्सला हाक मारली, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

ताई बाहेर आली ती भिंतीला हात लावत. दाब बराच घसरला होता. डॉक्टरांनी दाब उतरवणारी एक गोळी निम्मी केली होती. उठताना आधी पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं, असं बजावलं होतं. भावजी लगबगीने पुढे झाले, हात धरायला. तिने तो झटकला.

"गाडी दारापर्यंत आणा," ती म्हणाली. "आणि आज स्वयंपाक तुम्ही करायचा."

भावजी किल्ली चाचपत पळाले. धाकटी उठून तिच्या शेजारी उभी राहिली. इतका वेळ सगळ्यांवर काढलेला राग आता आत कुठेतरी तिलाच चावत होता.

"ताई, मी चार दिवस राहायला येऊ?"

"ये," ताई तिच्याकडे न बघता म्हणाली. "पण माझी नाडी बघायची नाही. मी सांगेन ते ऐकायचं."