तीन नापास लुगडी

श्रावण धकाते हा काही मनात राग धरून बसणारा माणूस नव्हता. नागपूरजवळ वाडीच्या गोदामात दिवसाला चाळीस-पन्नास ट्रक लागायचे. त्यातल्या निम्म्या ड्रायव्हरांशी त्याची सकाळी जुंपायची आणि दुपारी तो त्यांच्याच सोबत टपरीवर चहा प्यायचा. पण देवाजी रामटेके हे नाव निघालं, की हातातला घास ताटात परत जायचा. एकोणतीस वर्षं झाली होती. बायको म्हणायची, एवढी वर्षं तर सरकारसुद्धा फाईल सांभाळत नाही. त्यावर श्रावण हसायचा, पण फाईल काही बंद करायचा नाही.

गोष्ट नागपुरातल्या तांडापेठेतली. तेव्हा घरोघरी हातमाग होते आणि गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी खटखट ऐकू यायची. सरकार गरिबांसाठी स्वस्त लुगडी विणून घ्यायचं. सूत विणकरांच्या सोसायटीतून मिळायचं आणि विणलेलं लुगडं शनिवारी सोसायटीतच द्यायचं. देवाजी तिथला तपासनीस. तो लुगडं लांब टेबलावर पसरायचा, भिंग लावून धागे मोजायचा आणि कोपऱ्यावर शिक्का मारायचा. लुगडं पसंत पडलं नाही तर निळ्या पेन्सिलीने फुली. ही फुली सगळ्यांच्या देखत पडायची. पोरीला बघायला आलेले पाहुणेसुद्धा जरा आडून नकार कळवतात, इथे ती सोय नव्हती.

अठ्ठावीस वर्षांच्या श्रावणचं लुगडं लागोपाठ तीन शनिवार नापास झालं. कारण तिन्ही वेळा एकच, वीण सैल. पहिल्या शनिवारी तो भांडला. दुसऱ्या शनिवारी गप्प राहिला. तिसऱ्या शनिवारी देवाजीने यादीतून त्याचं नाव काढलं आणि सूत बंद केलं. घरी येऊन त्याने बापाला सांगितलं. सोनबा धकाते म्हणजे तांडापेठेतला नावाजलेला हात. त्याची लुगडी देवाजी भिंग न लावताच पास करायचा. सोनबाने पोराचं ऐकून घेतलं आणि मागावरून मान वर न करता म्हटलं, "उद्यापासून मागावर बसू नको."

बस, एवढंच. श्रावणला देवाजीची फुली एक वेळ पचली असती, बापाचं हे वाक्य पचलं नाही. सोमवारी तो वाडीला गेला आणि एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हमाल म्हणून लागला. पाच वर्षांनी सोनबा गेला. त्या पाच वर्षांत बाप-लेकात सगळं बोलणं झालं, पावसाचं, पाहुण्यांचं, दुखण्याखुपण्याचं, पण त्या लुगड्यांबद्दल एक शब्द नाही. आपला हात वाईट होता आणि बाप ते जाणूनच गेला, हा काटा श्रावणच्या मनात राहिला तो राहिलाच. पुढे तो कुणाच्याही मागाला शिवला नाही.

तसं पाहिलं तर नशिबाने त्याला काही कमी केलं नव्हतं. तो वाडीत लागल्यावर आठ महिन्यांत सरकारची ती योजना बंद झाली. तांडापेठेतले माग एकेक करत थांबले आणि तीच माणसं कामासाठी वाडीच्या फाटकांवर येऊन उभी राहिली. तोवर श्रावण मालाची मोजणी लिहिणारा झाला होता. त्याने त्यातल्या कितीजणांना तरी आत घेतलं. मग जकातनाके गेले, जीएसटी आला, आणि नागपूर देशाच्या मधोमध आहे हे कंपन्यांना अचानक आठवलं. वाडीत शेतं जाऊन गोदामं आली. व्हिएतनामचे बूट, बांगलादेशचे शर्ट, कुठल्या कुठल्या देशांतले खोके श्रावणच्या सहीशिवाय पुढे हलेनात. हुडकेश्वरला प्लॉट झाला, घर झालं, मुलगी ऋतुजा अर्थशास्त्रात एम.ए. झाली. आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत भाडेकरू आला तो थेट आफ्रिकेतून.

त्याचं नाव तेस्फाये. इथिओपियाचा, अदिस अबाबा शहरातला. नगररचना शिकायला नागपुरात आलेला. गल्लीने पहिल्याच आठवड्यात त्याचा तेजसभाऊ करून टाकला. तो हिंदी बोलायचा आणि मधूनच त्यात अस्सल नागपुरी पेरायचा. सरकारचं धोरण बदलतं आणि शहर वाढतं तेव्हा विणकरांचं काय होतं, यावर त्याला प्रबंध लिहायचा होता. एक शहर त्याचं, एक नागपूर. तो गावोगाव फिरून म्हाताऱ्या लोकांचं बोलणं फोनमध्ये भरून आणायचा आणि ऋतुजा त्याचं इंग्रजी करून द्यायची.

त्या रविवारी सकाळी ऋतुजा कानात इयरफोनची बोंडं घालून लिहीत बसली होती. लिहिता लिहिता थांबली. तिने तोच तुकडा परत ऐकला, मग बोंडं काढली.

"बाबा, इकडे या जरा. बसा."

"काहून वं? काय झालं?"

"हे खापा गावचे एक आजोबा आहेत. ऐका फक्त."

फोनमधून म्हातारा आवाज आला. श्रावणने पहिल्या शब्दाला ओळखला. घास तोंडात नव्हता म्हणून बरं.

"कागद मुंबईहून आला होता," आवाज सांगत होता. "योजना बंद होणार. साहेब म्हणे, कोणाले सांगायचं नाही, नाहीतर लोक आतापासूनच माग सोडतील. मी नोकर माणूस, सांगता येत नव्हतं. पण तांडापेठेत एक जवान पोरगा होता. त्याचं लुगडं मी तीन वेळा मुद्दाम नापास केलं. त्याचं लुगडं एकदम साजरं होतं. वीण अशी की भिंगाले काम नाही. पण सारे एकदम बाहेर पडले असते तर याले कोणी विचारलं असतं? म्हटलं, हा आधी निघून जावा."

मग तेस्फायेचा आवाज: "एकच का? बाकीच्यांचं का नाही?"

मग म्हातारा म्हणाला, "ते राहू दे बाबू. तिथं शब्द दिलेला आहे."

ऋतुजाने फोन बंद केला. बापाकडे कसं बघावं हे तिला कळेना, म्हणून ती वहीकडे बघत राहिली. श्रावण उठला, अंगणात गेला, उगाचच कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलेलं होतं. आनंद झाला होता, हे खरं. आपला हात चांगला होता, हे कुणीतरी एवढ्या वर्षांनी मोठ्याने म्हटलं होतं. पण त्याच्या पाठोपाठ राग आला तोही तेवढाच खरा. या माणसाने घर उभं केलं आणि याच माणसाने बापाच्या नजरेतून उतरवलं. आता याचे पाय धरायचे की गचांडी?

तेस्फाये जिन्यावरून उतरला तेव्हा श्रावणने मोटारसायकल बाहेर काढलेली होती.

"खाप्याचं घर माहीत आहे ना तुले? बस मागं."

"भांडायले चालले का बाबा?" ऋतुजाने विचारलं.

"मले माहीत नाही," श्रावण म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

सावनेर रोडला गाडी लागली तसा तेस्फाये मागून बोलायला लागला. त्याचा बापही विणकर. डोंगरातून शहरात आलेला. घरात जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. मग सरकारने शहराच्या कडेला उंच इमारती बांधल्या आणि त्यांची वस्ती तिकडे नेली. नळ आला, संडास आला, पोरांची शाळा जवळ आली. वाईट काहीच नव्हतं. फक्त घर चौथ्या मजल्यावर होतं.

"चौथ्या मजल्यावर खड्डा कसा खोदणार, काका?" तो म्हणाला. "सामान वर नेलं तेव्हा बाबाले समजलं. माग खाली अंगणातच राहिला. बाबा मग एका कारखान्याच्या गेटवर बसले. मी सगळ्यांना विचारून राहिलो, आधी कोणी सांगितलं होतं का? कोणीच नाही. नकाशा काढणाऱ्याले माहीत होतं, शिक्का मारणाऱ्याले माहीत होतं. आमच्याकडे कोणी देवाजी नव्हता."

रस्ता सरळ होता, दोन्हीकडे कापूस फुटला होता. मुंबईतला एक कागद, अदिस अबाबातला एक नकाशा. हे काढणारे लोक काही वाईट नसतील, आपापल्या घरी पोरांना शाळेत सोडत असतील. पण त्या कागदाच्या आणि आपल्या ताटाच्या मधे एक माणूस उभा राहिला होता, आणि तो राहिला नसता तर? गाडी चालवता चालवता श्रावणने सगळं मोजून पाहिलं. घर, ऋतुजाचं शिक्षण, बायकोचं ऑपरेशन, वाडीत ज्यांना आत घेता आलं ती माणसं. खापा येईतो राग पुष्कळ खाली बसला होता. सगळा नाही.

देवाजी मुलीकडे राहायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा, अंगाने काटकुळा, ओसरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होता. वाचायला तेच भिंग, असं मात्र नाही. चांगला जाड चष्मा होता.

"जय भीम बाबूजी," श्रावण म्हणाला.

"जय भीम. कोण गा?"

"श्रावण. सोनबा धकातेचा. तांडापेठ."

म्हाताऱ्याने पेपरची घडी केली. बराच वेळ ती घडी सारखी करत राहिला. मग तेस्फायेकडे बघून म्हणाला, "तुले मी नाव सांगितलं नव्हतं."

"त्यानं नाही सांगितलं. माझ्या पोरीनं तुमचा आवाज ऐकला," श्रावण म्हणाला. "बाबूजी, मी दोन गोष्टी बोलायले आलो. एक ही, की तुमच्यामुळे मी माणसात आलो. योजना बंद झाली तेव्हा माझ्या घरची चूल एक दिवस थांबली नाही. तुमचे उपकार मोठे आहेत. एकोणतीस वर्षं तुम्हाले शिव्या दिल्या, त्या मी आज परत घेतो."

"आन दुसरी?"

श्रावण ओसरीच्या पायरीपाशी आला. "दुसरी ही, की माझा बाप गेला तो मले वाईट विणकर समजून गेला. तुम्ही त्याले तरी खरं सांगायचं होतं. एवढं एक तुम्ही बरं नाही केलं."

देवाजी खुर्चीत पुढे सरकला. त्याने तेस्फायेला हाताने बस म्हटलं आणि श्रावणला स्वतःच्या समोर, पायरीवर.

"मी त्या वेळी चार घरी गेलो होतो," तो म्हणाला. "शब्द बाहेर जाऊ देऊ नका म्हणून हात जोडले आन म्हटलं, पोराले मागावरून उठवा. तिघांनी मले येड्यात काढलं. सरकार काय आज बंद होते का म्हणे. चौथा तुझा बाप. त्यानं ऐकून घेतलं. म्हणे, मी सांगून हा उठणार नाही. याचा जीव मागात आहे. तुम्ही याचं लुगडं नापास करा, बाबूजी."

श्रावण पायरीवरून अर्धा उठला आणि परत बसला.

"मी म्हटलं, सोनबा, असं साजरं लुगडं कसं नापास करू? लोकं काय म्हणतील? तर म्हणे, याचा हात माझ्याहून चांगला आहे, म्हणून तर म्हणून राहिलो. वाईट विणकर आपणच उठते. चांगला शेवटपर्यंत बसून राहते. आन मग माझ्याकडून शब्द घेतला. याले कधी सांगू नका, कळलं तर वापस येऊन बसंल. तो गेला, तरी मी शब्द पाळला."

"मग आता काहून सांगितलं?"

"तू उपकार म्हणाला म्हणून. ते माझे नाहीत गा. दुसऱ्याचे मी कसे ठेवून घेऊ? फुली मी मारली, पण मारायले लावली त्यानं. तिन्ही शनिवारी तुझं लुगडं गेल्यावर तो मागच्या दारानं सोसायटीत यायचा. उलटून पाहायचा, पालटून पाहायचा आन घडी करून ठेवून जायचा."

आतून देवाजीची मुलगी पाणी घेऊन आली, आणि ओसरीतले चेहरे बघून तांब्या ठेवून तशीच परत गेली. तेस्फायेने फोन खिशातून काढलाच नव्हता. श्रावणने डोळे पुसले, लपवले नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाप नव्याने भेटला तर माणसाने लपवावं तरी काय?

"बाबूजी, बाबा गेले ना, त्या दिवशी मी जवळच बसलो होतो," तो म्हणाला. "बोलणं बंद झालं होतं. सकाळपासून त्यांनी माझा हा हात धरून ठेवला होता. पाणी पाजायलेसुद्धा सोडू देत नव्हते. मले वाटे, मले माफ करून राहिले."

देवाजीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ते माफी मागून राहिले होते," श्रावण म्हणाला. "आन मी येडा, त्यांच्या हातातून हात सोडवून घेतला, डॉक्टरले फोन करायचा म्हणून."

देवाजीने आपला सुरकुतलेला हात पुढे केला. श्रावणने तो दोन्ही हातांत घेतला, आणि चहा येऊन निवला तरी सोडला नाही.